मार्कंडेय नदीकाठच्या प्रकल्प नोंदी: पाण्याचा फेर आणि उताऱ्यावरचं नाव

२० ऑक्टोबर २०२४

परतीचा पाऊस थांबला. बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी घालायचे हे ठरवायला शेतीचं पाणी वाटणाऱ्या संघाची बैठक झाली. जागा मारुतीचं देऊळ, वेळ रात्री साडेआठ. म्हणजे बरोबर भाकऱ्या थापायची वेळ. आत सगळे पुरुष. बायका कुणी नाहीत.

संघाच्या संचालक मंडळात दोन जागा बायकांसाठी राखीव आहेत, त्यावर दोन नावंही आहेत. हजेरीवहीत दोघींच्या सह्या नियमित दिसतात. वही दुसऱ्या दिवशी घरी जाते आणि सही होऊन परत येते. यात कुणी काही लपवत नाही, सेक्रेटरींनी मला सहज बोलता बोलता सांगितलं. आमच्या प्रकल्पाच्या कागदावर मात्र ‘महिलांचा सहभाग’ या रकान्यात हे दोन आकडे पूर्ण सहभाग म्हणून जाणार होते. ते मी जाऊ देणार नाही. या नोंदी त्यासाठीच ठेवतेय.

२४ ऑक्टोबर

शिवारफेरी. राकसकोप धरणाचं पाणी बेळगाव शहराला जातं. खालच्या गावांना भरवसा तो पावसाळ्यानंतर बंधाऱ्यात अडवलेल्या पाण्याचा आणि विहिरींचा. बंधाऱ्यावरून लिफ्ट (पाणी उपसणारा पंप), लिफ्टवरून पाईप, पाईपवर चेंबर (व्हॉल्व्हचा खड्डा), चेंबरवरून शेतोशेती पाणी. हीच लाईन दुरुस्त करायचं आमचं काम.

पावसाळ्यात भात आणि रताळी. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा. मग बटाटा, मिरची, कोबी, गाजर. काही जणांचा ऊस. ऊस पंधरा दिवस दम धरतो. मिरची पाचव्या-सहाव्या दिवशी मान टाकते. आणि मिरचीत राबणारे हात बायकांचे: लावण, भांगलण, तोडणी, निवडणं, पहाटेच्या गाडीला घालून बेळगावच्या बाजारात नेणं. गावातले कितीतरी पुरुष उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत शिफ्टला जातात. शेतीची खरी वही बायकांच्या डोक्यात असते.

अंगणवाडीत दोन्ही गटांना जमिनीवर खडूने शिवाराचा नकाशा काढायला सांगितला. पुरुषांनी लिफ्ट, पाईपलाईन, चेंबर, उसाचे पट्टे काढले. बायकांनी तेही काढलं आणि वर कपडे धुवायची जागा, म्हशी उतरतात तो उतार, पाईप फुटून वाट कायम चिखलाची राहते ते वळण, झाकण नसलेले चेंबर. एका चेंबरपाशी तिघींनी एकदमच बोट ठेवलं. तिथे गेल्या वर्षी साप निघाला होता.

७ नोव्हेंबर

बर्गे घातले. फळ्यांच्या दोन रांगांमध्ये चिकणमाती भरावी लागते, नाहीतर पाणी झिरपून जातं. माती बुट्टीने वाहिली ती बायकांनी. वीस तारखेच्या बैठकीत यांपैकी एकीलाही कुणी विचारलं नव्हतं.

२ डिसेंबर

सभासदांची यादी आणि गावातली घरं ताडून पाहिली. नियम साधा आहे, ज्याच्या नावे जमिनीचा उतारा तो सभासद. त्यामुळे बायका बाहेर राहतात आणि पाणी धरणारी बाई संघाच्या हिशेबी कुणीच नसते.

एक गोष्ट मला दिवसभर सोडेना. याच घरांत रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख बाई आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यांत थोरली स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजारही तिच्याच खात्यावर येतात. तांदूळ घेताना ती प्रमुख, पैसे घेताना प्रमुख, आणि पाण्याचा नंबर लावायला गेली की “मालकाला पाठवून द्या.”

कायदा आड येत नाही. कर्नाटकात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क १९९४पासून आहे, देशभरासाठी तो २००५मध्ये आला. विधवेला तर १९५६च्या कायद्यापासूनच मुलांच्या बरोबरीचा वाटा. तरी इथे कितीतरी उतारे अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावे आहेत, आणि जिथे वारसा झाला तिथे मुलांची नावं लागली, आईचं राहिलं. भांडण करून काढलं असंही नाही. अर्ज लिहिणाऱ्याने विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही.

११ डिसेंबर

रात्री शेतात गेले होते. पंपाला लागणारी थ्री फेज वीज या आठवड्यात रात्रीची आहे, दहानंतर येते. वरच्या गल्लीतल्या आक्काचा नंबर होता. नवरा सेकंड शिफ्टला, सासू घरी धाकट्याजवळ. सोबत सातवीतला मुलगा, हातात बॅटरी.

पाणी आलेलं कळतं ते आवाजाने. आधी पाईपातून हवा फुसफुसत येते, मग खळखळाट. आक्काने साडीचा काचा मारला आणि चेंबरचा व्हॉल्व्ह फिरवायला घेतला. चाक गंजलेलं. दोन्ही हातांनी फिरेना म्हणून खोऱ्याचा दांडा त्यात अडकवून अंगाचा भार टाकला, तेव्हा हललं. पाणी दंडातून, म्हणजे शेतातल्या पाटातून, मिरचीच्या सऱ्यांकडे निघालं. तिने सरीच्या तोंडाची माती खोऱ्याच्या एका ओढीत मोडली आणि तीच माती पुढच्या दंडाला आडवी घातली. मुलगा सरीच्या दुसऱ्या टोकाला उभा. पाणी पायाला लागलं की तो ओरडायचा, “भरलं गे आई!” की हिने दारं बांधायचं आणि पुढची सरी मोडायची. बॅटरी पोराजवळ असल्यामुळे आक्का अंधारातच काम करत होती. तिला उजेड लागत नव्हता. पाण्याच्या आवाजावरून सरी किती भरली हे ती सांगत होती.

साडेबाराला पाणी बारीक झालं. वरच्या कुणीतरी मध्येच चेंबर उघडला होता. पुरुष असता तर बांधाबांधाने जाऊन जाब विचारला असता. ही म्हणाली, “आता एकटी कुठं जाऊ वो? उद्या गावात काय बोलतील.” चार सऱ्या कोरड्या राहिल्या. नंबर संपला तो संपला, पुढचा फेर, म्हणजे पाण्याची पाळी, आठ दिवसांनी.

येताना मी तिला विचारलं, संघात काय मागशील? तिने जागा मागितली नाही, पद मागितलं नाही. “भाजीला दिवसा पाणी द्या, आणि ते चाक बदला.” प्रकल्पाचं सगळं काम या एका वाक्यात आलं असं मला वाटतं. सहभाग मोजायचा तर बैठकीला किती बायका बसल्या हे मोजून भागणार नाही. पाण्याच्या फेरात त्यांच्या सांगण्यावरून काय बदललं ते पाहावं लागेल.

१५ डिसेंबर

पौर्णिमा. गावातल्या बऱ्याच जणी सौंदत्तीला यल्लम्माला गेल्यात. काम बंद.

२२ डिसेंबर

इंजिनिअर साहेबांना घेऊन चेंबर पाहिले. अंदाजपत्रकात पुन्हा तेच जड चाकाचे व्हॉल्व्ह आणि आरसीसीची झाकणं होती. झाकण उचलायला दोन पुरुष लागतात. मी तिघी बायकांना आधीच बोलावून ठेवलं होतं. त्यांनी झाकण उचलायचा प्रयत्न केला, जागचं हललं नाही. साहेबांनी तिथल्या तिथे वहीत बदल लिहून घेतला: शेताच्या तोंडाला लांब दांड्याचे बॉल व्हॉल्व्ह, बिजागरीची पत्र्याची झाकणं, आणि खोल चेंबरला आत एक पायरी. खर्चात फार फरक पडत नाही म्हणाले. चेंबर बांधला गेला तेव्हापासून हे कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

कपडे धुवायच्या पायऱ्यांचा विषय मात्र अडला. सिंचनाच्या कामात धुण्याचं कलम बसत नाही. नदी एकच आहे, पण कागदावर शेतीचं पाणी एका खात्याचं, पिण्याचं दुसऱ्या खात्याचं, आणि धुण्याचं पाणी कुणाच्याच खात्यात नाही. बायकांचा निम्मा दिवस ज्या पाण्यावर जातो ते असं मधल्यामध्ये राहतं. पंचायतीकडे मागायचं ठरलं.

५ जानेवारी २०२५

संघाच्या पोटनियमांचं वाचन. पोटनियम कानडीत आहेत. गावातल्या बहुतेक जणी मराठी शाळेत शिकलेल्या, आणि सुना चंदगड, गडहिंग्लजकडून आलेल्या, त्यांना कानडी अक्षर येत नाही. नववीतल्या एका मुलीला वाचायला बसवलं, कारण शाळेत आता कानडी सगळ्यांनाच आहे. ती वाचायची, खालच्या गल्लीतल्या कानडी बोलणाऱ्या अव्वा अर्थ सांगायच्या, आणि आमच्या एक काकू तो शेतातल्या भाषेत फोडून सांगायच्या. दोन तास गेले. पण पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं की सर्वसाधारण सभेत फेर बदलायचा ठराव मांडता येतो. आजवर समज असा की फेर ‘वरून’ ठरतो.

दुसरीही गोष्ट कळली. सहयोगी सभासद करून घेतलं तर त्याला मत नाही. संघाचे अध्यक्ष आपण होऊन हाच मार्ग सुचवत होते, मनापासूनच सुचवत होते. पण बायकांनी तो नको म्हटलं. थोरल्या काकू म्हणाल्या, “बसायला पाट दिला आणि ताट दिलंच नाही, तसं झालं की हे.” मग मार्ग एकच, उताऱ्यावर नाव. सुरुवात विधवांपासून करायची. वारसाचा हक्क त्यांचा उघड आहे, कुणाची मर्जी लागत नाही.

काकूंचं माहेर निपाणीकडचं. १९८१मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी संघटनेने हमरस्ता अडवला होता, ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्या तेव्हा लहान होत्या, आईबरोबर रस्त्यावर भाकऱ्या पोचवल्याचं त्यांना आठवतं. नंतर त्याच संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढली. बायकोच्या नावे स्वखुशीने जमीन करून द्यायची, आणि अशी शंभर घरं झाली की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. हे मी सांगितल्यावर एक तरुण सून लगेच म्हणाली, “आमच्यात एक गुंठा तरी करून देतील काय बघा.” हसण्यावारी गेलं, पण मी ते लिहून ठेवलंय. सभासद व्हायला एक गुंठाही पुरतो.

१९ जानेवारी

बैठक पहिल्यांदाच दुपारी तीनला, अंगणवाडीत. लहान पोरांना शेजारच्या खोलीत बसवलं. बायका भरपूर आल्या.

विषय एकच, फेर. बायकांची मागणी: ज्या आठवड्यात थ्री फेज दिवसाची असेल त्या आठवड्यात भाजीच्या रानांना आधी पाणी, रात्रीच्या आठवड्यात उसाला. ऊसवाल्यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. लिफ्ट बसवताना मोठी वर्गणी त्यांनी भरली, पाणीपट्टीही एकरावर तेच जास्त भरतात. पण वर्गणीवर पाणी वाटलं की जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हे चक्र कधी थांबत नाही.

मी पुरंदरच्या नायगावची पाणी पंचायत सांगितली. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी १९७४मध्ये सुरू केली. पाणी जमिनीवर न वाटता माणशी अर्ध्या एकरापुरतं, घरटी जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. इथे एवढं कुणी मान्य करणार नाही, मलाही ठाऊक आहे. पण डोकी मोजून पाणी वाटता येतं आणि ते कुणीतरी करून दाखवलंय, हे ऐकून खोली शांत झाली. एक ऊसवाले मामा शेवटी म्हणाले, “उन्हाळाभर करून बघूया की. नाही जमलं तर आधीसारखं.” फेब्रुवारीपासून मेपर्यंत चाचणी. ठराव लिहिला, सह्या तिथेच झाल्या. वही घरी गेली नाही.

९ फेब्रुवारी

पाणी तपासणी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना तपासणी शिकवायची आणि गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका असायच्या, असा नियम आहे. इथे तपासणीची पेटी आली होती, ती पंचायतीच्या कपाटात होती. ती बाहेर काढून शिकवणी घेतली. नळाला उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन दाखवणारा रंग आला, शेवटच्या गल्लीत आलाच नाही. जंतू तपासायच्या बाटलीत त्याच गल्लीचं पाणी घालून ठेवलं, दुसऱ्या दिवशी ती काळी पडली होती, म्हणजे पाण्यात जंतू होते. पाईप गटाराशेजारून जातो ते ठिकाण बायकांनी अर्ध्या तासात दाखवलं. वॉटरमनने दोन दिवसांत जोड बदलला. त्या गल्लीतल्या पोरांचं पोट पावसाळ्यात सारखं का बिघडतं, याचं उत्तर तिथल्या आयांना स्वतःच्या हातातल्या बाटलीत दिसलं. यानंतर पेटी कपाटात गेली नाही, अंगणवाडीत आहे.

८ मार्च

हारतुरे नकोत असं बायकांनीच सांगितलं. महिला ग्रामसभा मागितली आणि ती झाली. धुण्याच्या पायऱ्या आणि म्हशींसाठी वेगळा उतार, दोन्ही कामं उद्योग खात्रीच्या (रोजगार हमीच्या) आराखड्यात घालायचा ठराव. पंधराव्या वित्त आयोगाच्या बांधील निधीतला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठीच खर्चावा लागतो, त्यातून शेवटच्या गल्लीची पाईप.

२२ मार्च

अहवालाचा नमुना भरला. ‘उपस्थित महिला’, ‘प्रशिक्षित महिला’ असे रकाने आहेत. १९९२च्या डब्लिन परिषदेने पाण्याविषयी चार तत्त्वं मांडली, त्यातलं तिसरं बायकांविषयी: पाणी पुरवणं, सांभाळणं, राखणं यांत त्या केंद्रस्थानी आहेत. तेव्हापासून प्रत्येक प्रकल्पात हे वाक्य असतं आणि मोजमाप मात्र डोक्यांचंच. मी नमुन्याला एक जादा पान जोडलं. कुठला निर्णय बदलला, कुणाच्या म्हणण्यावरून, आणि तो टिकला का.

६ एप्रिल

बंधाऱ्यामागचा गाळ काढायचं काम उद्योग खात्रीत सुरू. मजुरी या महिन्यापासून ३४९ची ३७० झाली. कामावर पाच लहान पोरं असली की त्यांना सांभाळायला एक बाई कामावर धरता येते. ही तरतूद कुणी वापरत नव्हतं. मागितली, मिळाली.

२७ एप्रिल

चाचणीचं काय झालं त्याची गल्लीगल्लीत विचारपूस. भाजी दिवसा भिजते. चेंबर मध्येच उघडणं बरंच कमी झालं, कारण दिवसाउजेडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. बॉल व्हॉल्व्ह बसले. आक्काचा मुलगा आता रात्री अभ्यासाला घरी असतो. ऊसवाल्या दोघांची तक्रार आहे की रात्रीच्या आठवड्यात वीज गेली की त्यांचा नंबर बुडतो आणि भरून मिळत नाही. तक्रार खरी आहे. बुडालेले तास वहीत लिहून पुढच्या फेरात द्यायचे, असं बायकांनीच सुचवलं, आणि वही ठेवायला एक पदवीधर सून तयार झाली.

नावांचं काम हळू चाललंय. कचेरीत बायका स्वतः जातात, कर्नाटकात बायकांना बसचं तिकीट लागत नसल्याने निदान भाड्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. काही विधवांची नावं लागली. एका घरी मुलगा हरकत घेऊन बसलाय, आईशी बोलत नाही. ती माऊली म्हणते, “अर्ज मागं घेणार नाही, पण त्याच्या जेवणात खंड पडू देणार नाही.” तिच्यावर कसलाही दबाव येऊ नये म्हणून सध्या मी त्या घरी जात नाही, काकू जातात.

२२ मे

पाऊस आत्ताच धो धो येऊलालाय. संघाच्या रिवाजाने बर्गे जूनच्या पहिल्या आठवड्यात काढतात. नदी फुगली आणि बर्गे तसेच राहिले तर पाणी काठच्या रानात घुसतं, काठ तुटतो. सकाळी धुण्याला गेलेल्या दोघींनी पाण्याचा रंग पाहून वही ठेवणाऱ्या सुनेला फोन केला, तिने सेक्रेटरींना. दुपारच्या आत माणसं बंधाऱ्यावर होती. वरचे बर्गे निघाले, खालचे दोन अडकून बसले, ते दुसऱ्या दिवशी दोर लावून ओढले. काठावरच्या एका रानात पाणी शिरलं, मिरचीची शेवटची तोडणी गेली. बाकी वाचलं.

२७ मे

केरळात मान्सून २४ तारखेलाच आला, २००९नंतर इतक्या लवकर कधी आला नव्हता. बर्गे तारखेवर न काढता पाण्याच्या पातळीवर काढायचे आणि पातळी रोज सकाळी धुण्याला जाणाऱ्यांनी पाहून कळवायची, असा मसुदा केला. पुलाच्या खांबावर रंगाने खुणा करायच्या.

१५ जून

सर्वसाधारण सभा. दुपारीच. नव्या सभासद बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. दिवसा भाजी, रात्री ऊस हा फेर कायम झाला, बुडालेल्या तासांच्या भरपाईसह. बर्ग्यांचा नियमही मंजूर. राखीव जागांवरच्या दोघींपैकी एकीने राजीनामा दिला, घरचं सांभाळून जमत नाही म्हणाली, आणि तिच्या जागी आक्काचं नाव सुचवलं. आक्काचा उतारा अजून नवऱ्याच्या नावे आहे, म्हणून जागा रिकामी ठेवली.

तिचा नवरा सभेनंतर थांबला होता. एक गुंठा बक्षीसपत्राने करून द्यायला काय काय कागद लागतात ते त्याने लिहून मागितलं. दिलेत. रताळ्याची लावण उरकली की जुलैत दोघं रजिस्ट्रीला जाणार आहेत. धुण्याच्या पायऱ्यांचं काम मंजुरीला अडकलंय, त्याची पुढची तारीख पंचायतीकडून घ्यायची आहे.